सोपानशेठचा काटा आणि बत्ताशाचं विमान

चहा आधी खाली ठेवा. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकताना एका मित्राच्या नाकातून चहा आला आणि शर्टावरच्या डागाचा दोष त्याच्या बायकोनं मला दिला. दुसरी अट अशी, की "तुमच्या तेव्हाच लक्षात कसं आलं नाही?" हा प्रश्न विचारायचा नाही. तुम्ही विचारणारच. सगळेच विचारतात. फजिती माझी झाली, वर उलटतपासणीही मीच सोसायची?

तर सांगतो. माझी उभी हयात बारामती आणि इंदापूर तालुक्यांत बातमीदारी करण्यात गेली. कालव्याचं आवर्तन लांबलं, लिहिलं. पूल खचला, लिहिलं. नव्या पुलाच्या उद्घाटनाला मला मागच्या रांगेत बसवलं, तेही लिहिलं. पण माझं खरं नाव झालं ते काट्यांवर. वजनकाटे हो! आमच्या भागात माणसाचा देवावर विश्वास असतो, एक वेळ मेव्हण्यावरही असतो, पण दुसऱ्याच्या काट्यावर नसतो. उसाची ट्रॉली भरली की शेतकरी आधी बाहेरच्या काट्यावर चढवणार, मग कारखान्याच्या. टोमॅटोचं क्रेट घरी तोलणार, मग बाजारात नेणार. दोन्हींत फरक पडला की माझ्याकडे येणार. मग मी आणि माझी लेखणी. काटामारीवर मी इतकं लिहिलं, की मंडईत मी नुसता उभा राहिलो तरी भाजीवाली न बोलता वर चार मिरच्या टाकायची.

एवढ्या सगळ्या वर्षांत एकाच काट्याची मी तोंडभरून स्तुती केली. बारामतीत इंदापूर रस्त्याला सोपानशेठ म्हणून फळं-भाजीपाल्याचे व्यापारी आहेत, त्यांचा तो इलेक्ट्रॉनिक काटा. 'तालुक्यातला एक प्रामाणिक काटा' असा मथळा दिला होता मी. सोबत फोटो. सोपानशेठनं ते कात्रण चौकटीत घालून काट्याच्या बरोबर वर टांगलं आणि रोज त्याला उदबत्ती ओवाळायला सुरुवात केली.

तो काटा प्रामाणिक आहे हे मी कसं ठरवलं? शोधपत्रकारिता केली. स्वतः त्याच्यावर उभा राहिलो.

काय झालं होतं, त्याच आठवड्यात आमच्या डॉक्टरांनी मला त्यांच्या काट्यावर उभं केलं होतं आणि नव्वद किलो म्हणून भाकरी निम्मी केली होती. मी चिडूनच बाहेर पडलो. नव्वद? मी? सोपानशेठच्या काट्यावर चढलो तर बरोब्बर ऐंशी! सोपानशेठ म्हणाले, "तात्या, तुमी हायच कुठं जाड? शेलाटं हाय तुमी." त्या वाक्यानंतर मला आणखी पुराव्याची गरज वाटली नाही. डॉक्टरांचा काटा बिघडलेला, हे उघड होतं.

आता माझी थोरली बहीण, आक्का. अंथुर्ण्याला दिलेली. दाजींची डाळिंबाची बाग, थोडा ऊस, थोडी भाजी. सगळ्या तालुक्याचा मी तात्या. एकटी आक्का अजून मला बाळू म्हणते, तेही चार माणसांत.

माझा रविवार कायम अंथुर्ण्याला. आक्काच्या हातची बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, आणि नंतर विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला टेकून मी आणि दाजी. दाजी अगदी मऊ माणूस. मोपेडवर बसून बागेत जायचे आणि त्यांच्या दोन पायांच्या मध्ये, फळीवर, त्यांचा कुत्रा. पांढराशुभ्र पामेरियन, नाव बत्ताशा. तो मूळचा माझ्याच घरचा. येणाऱ्या-जाणाऱ्या पुढाऱ्यांवर सारखा भुंकायचा. खरं तर हा गुण बातमीदाराच्या कुत्र्याला शोभणारा, पण बायको म्हणाली, घरात भुंकणारा एकच पुरे. म्हणून दाजींना देऊन टाकला. तिथं तो एकदम गुणी झाला. मोपेडची किल्ली वाजली की उडी मारून फळीवर.

मी गेलो की दाजी विचारायचे, "काय पत्रकार, आज कुणाची उतरवली?" मी सांगायचो. ते हसत ऐकायचे. मधूनच एखाद्या रविवारी डोकं खाजवत म्हणायचे, "पत्रकार, ते सोपानशेठकडं माल जरा कमी भरतोय का वो? घरनं तोलून नेतो. तितं गेलं की उतरतंय. वाटंत वाळत असंल का?"

मी उखडायचो. "दाजी, डाळिंब काय पापड आहे का वाळायला? तुमचा घरचा तराजू बापजाद्यांचा आहे. तो फेका आणि नवा आणा."

दाजी म्हणायचे, "व्हय, तसंच असंल." विषय तिथंच संपायचा. माझ्याशी वाद घालायची कुणाची बिशाद होती?

परवाच्या उन्हाळ्यात दाजी गेले. झोपेतच गेले. मोपेड पडवीत उभी राहिली आणि बत्ताशा तिच्या फळीवर बसून राहिला. कुणी किल्ली हलवली की कान टवकारायचा.

आक्काचा मुलगा विशाल चेन्नईला नोकरीला. तो म्हणाला, आई, आता एकटी राहू नकोस, इकडे ये. आक्का महिनोन्महिने नाही म्हणाली. शेवटी एका रविवारी माझ्या ताटात भाकरी टाकताना म्हणाली, "जाते मी. पर बत्ताशाला घेऊन. त्यो न्हाय तर मी पन न्हाय. आन् बाळू, त्येचं सगळं तू बघायचं. तुझ्या वळखी हायत."

ओळखी! हा शब्द ऐकला की आमच्याकडच्या माणसाची छाती फुगते. माझी जरा जास्तच.

विशालनं विमान कंपनीचे नियम मोबाइलवर पाठवले आणि खाली लिहिलं: 'मामा, फक्त वाचा आणि पाळा. भांडू नका.' भाच्यानं मामाला लिहायचं वाक्य आहे का हे?

नियम वाचले. कुत्र्यासाठी आधी फोन करून जागा ठेवायची. लसीचं कार्ड हवं. प्रवासाला योग्य असल्याचा जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला हवा, तोही ताजा. पिशवी मऊ, जाळीची, पुढच्या सीटखाली बसणारी. कुत्र्याला आत उभं राहून वळता आलं पाहिजे. तळाला ओल शोषणारी घडी. निघण्याआधी पोटभर खायला घालायचं नाही. आणि कुत्रा, पिशवी, आत जे काही असेल ते, सगळं मिळून वजन सात किलोच्या आत.

तुम्ही-आम्ही नियम वाचतो ते पाळण्यासाठी. बातमीदार वाचतो तो समोरचा कुठं फसवणार हे शोधण्यासाठी. मी लगेच कंपनीला फोन लावला. आधी यंत्र बोललं. यंत्राशी भांडून झाल्यावर एक मुलगी आली. तिला विचारलं, कुत्र्याला उभं राहून वळता आलं पाहिजे म्हणता, मग माणसानं काय पाप केलंय? तुमच्या खुर्चीत मला बसूनसुद्धा वळता येत नाही. ती शांतपणे म्हणाली, "सर, तुमच्या प्राण्याचं नाव सांगा." मी रागात माझंच नाव सांगितलं. तिनं ते लिहूनही घेतलं. नंतर ते दुरुस्त करायला विशालला चेन्नईहून तीनदा फोन करावा लागला. पण ही माझी फजिती नव्हे. ही नुसती फजितीआधीची सनई.

तिकडे अंथुर्ण्याला पिशवीची तालीम सुरू झाली. विशालचं म्हणणं, कुत्र्याला आधीपासून पिशवीची सवय लावा. आक्कानं पिशवी पडवीत ठेवली. बत्ताशानं तिच्यावर तंगडी वर केली. आत बिस्किट ठेवलं, तर बिस्किट तेवढं काढून घेतलं. आत ढकललं, तर असा ओरडला की शेजारचे आबा काठी घेऊन आले. त्यांना वाटलं, बिबट्या. पिशवी बघून त्यांनी विचारलं, "ह्येच्यातनं कुत्रं विमानात जानार? मग तुमी कशातनं?"

शेवटी आक्कानंच तोड काढली. तिनं एक छोटी गोधडी शिवली होती. आत तिच्या जुन्या लुगड्यांचे थर आणि वरचा पदर दाजींच्या धोतराचा. ती गोधडी तिनं घडी करून पिशवीत घातली. बत्ताशानं लांबूनच नाक वर केलं. जवळ आला. पिशवीत शिरला, धोतरावर गोल गोल फिरला आणि नाक खुपसून झोपून गेला. आक्का चुलीकडं वळली आणि बराच वेळ चूल फुंकत राहिली. चूल पेटलेलीच होती.

मग दाखला. बारामतीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दात, कान, कातडी, लसीचं कार्ड सगळं तपासलं. मग पिशवी, गोधडी आणि बत्ताशा असं सगळं काट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "तात्या, हे साडेसात किलोच्या वर जातंय. सातच्या आत पाहिजे ना?"

माझा पारा चढला. मी म्हटलं, डॉक्टर, हा काटा कधी तपासून घेतला होता? यावर शेळ्या उड्या मारतात, बोकड लाथा घालतात. याचं डोकं ठिकाणावर राहील का? ते बिचारे म्हणाले, "गोधडी तरी पातळ करा. नाहीतर दुसऱ्या काट्यावर बघा एकदा." मी म्हटलं, बघतोच.

आणि गेलो कुठं? सांगायला नकोच. कात्रणाला हात जोडून सोपानशेठनी पिशवी स्वतः काट्यावर ठेवली. सातच्या आत! चांगलं बोटभर आत! मी डॉक्टरांना तिथूनच फोन केला आणि म्हटलं, प्रामाणिक काट्यावर वजन केलंय, तुमचा तेवढा दुरुस्त करून घ्या.  मग ते म्हणाले, "दाखला तयार आहे, घेऊन जा."

पुढं ऐका.

निघायचा दिवस उजाडला. आक्काला चेन्नईपर्यंत सोडायला मीही निघालो होतो. अंथुर्ण्यात गाडीभोवती निम्मं गाव. कुणी आक्काची ओटी भरत होतं, कुणी बत्ताशाच्या तोंडाशी पेढा धरत होतं. मी ओरडून ओरडून पेढे अडवत होतो, कारण नियम. आक्कानं घराला कुलूप लावलं, मोपेडवरून पदरानं धूळ पुसली आणि गाडीत बसली. कालव्याच्या पुलावर आलो तेव्हा म्हणाली, "जरा हळू चालव म्हनावं." ड्रायव्हरनं गाडी हळू केली. मी खिडकीतून दुसऱ्या बाजूला बघत बसलो. खोटं कशाला बोलू? यापुढं माझ्या रविवारांचं काय, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

पुण्याचा विमानतळ. काउंटरवर एक हसतमुख मुलगी. कार्ड बघितलं, दाखला बघितला, पिशवीची जाळी बघितली. "किती गोड आहे," म्हणाली. मी मनात म्हटलं, बघा, सगळं नियमात असलं की यंत्रणा कशी मऊ होते. मग ती म्हणाली, "पिशवी जरा इथं ठेवता का?"

ठेवली. समोर लाल आकडे उमटले. सात किलो सहाशे.

"काका, सहाशे ग्रॅम जास्त होतंय."

तुम्हाला सांगतो, माझ्यातला अख्खा बातमीदार एका क्षणात उठून उभा राहिला. हा क्षण मी आयुष्यभर ओळखत आलो होतो. समोर गरीब माणूस, त्याचा माल काट्यावर, आणि काटा त्यांचा! फरक एवढाच, की आमच्याकडे काटा मारतात तेव्हा वजन कमी दाखवतात. इथं जास्त दाखवत होते. म्हटलं, शहरातली पद्धत वेगळी असेल.

मी खणखणीत आवाजात विचारलं, "या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का कुठं आहे?"

ती म्हणाली, "काय खातं?"

मग मी जे सुरू झालो ते सुरूच झालो. काटा कसा तपासतात, शिक्का कुठं असतो, ग्राहकाला समोर प्रमाणित वजन ठेवून मागायचा कसा हक्क आहे, आणि मी कोण आहे. मागच्या रांगेला सांगितलं, की तुमच्याही बॅगा परत तोलून घ्या, मंडळी, तुम्हालाही लुटलं जातंय. एक-दोघांनी खरंच बॅगांकडं संशयानं बघितलं. त्या मुलीनं साहेबांना बोलावलं. साहेबांनी पिशवी शेजारच्या काट्यावर ठेवली. सात किलो सहाशे. मी म्हटलं, संगनमत. त्यांनी पलीकडच्या काट्यावर ठेवली. सात किलो सहाशे. मी म्हटलं, टोळी.

साहेब शांतपणे म्हणाले, की जास्त वजनाचा प्राणी आत बसवता येणार नाही. आज त्याला मागं ठेवा, किंवा पुढच्या एखाद्या दिवशी सामानाच्या कप्प्यातून पाठवायची चौकशी करा.

 आक्कानं पिशवीच्या पट्ट्याला हात घातला. "मग मी पन न्हाय जात. चल बाळू, घरी."

आणि खरं सांगू? माझ्या मनाचा एक कोपरा आनंदानं उडाला. भाकरी, आमटी, रविवार! पण लगेच लाज वाटली. पोरगा तिकडे खोली सजवून बसला होता. आणि इकडे काट्यापुढं मी हरलो, असं झालं असतं. नाही, ते शक्यच नव्हतं.

मी म्हटलं, "थांब, आक्का. आत्ता सिद्ध करतो. साहेब, माझं वजन मला पाठ आहे. ऐंशी किलो. प्रामाणिक काट्यावर केलेलं. मी चढतो तुमच्या काट्यावर. ऐंशी दाखवलं तर मी माफी मागतो. नाही दाखवलं, तर काटा खोटा."

"काका, तो बॅगांसाठी आहे," ती मुलगी म्हणाली.

पण मी चढलो होतो. त्या पट्ट्यावर, बॅगांच्या जागी, एका हातानं काउंटर धरून, पंचायतीच्या निकालाला गुलाल पडायची वाट बघणाऱ्या उमेदवारासारखा उभा.

रांग पुढं सरकली. सगळ्यांनी आकडा बघितला.

नव्वद.

बरोब्बर नव्वद. आमच्या डॉक्टरांच्या काट्यावर भरलं होतं तेवढंच. इतक्या वर्षांत निम्म्या भाकरीनं एक किलोसुद्धा हललं नव्हतं, कारण निम्मी भाकरी मी फक्त डॉक्टरांसमोर खात होतो.

मागून एक बाई म्हणाल्या, "काकांना पण सामानातून पाठवा." हशा पिकला. मी मात्र तिथंच उभा. माझ्या डोक्यात एकेक काटा वर येत होता. आमच्या डॉक्टरांचा काटा. जनावरांच्या डॉक्टरांचा काटा. विमानतळाचे तीन काटे. सगळे एकमेकांशी जुळत होते. जुळत नव्हता तो एकच. ज्याच्या डोक्यावर माझं कात्रण टांगलं होतं तो.

आणि मग दाजी आठवले. डोकं खाजवत विचारणारे. 'वाटंत वाळत असंल का?'

कुणीतरी हाताला धरून मला पट्ट्यावरून उतरवलं. बघतो तर आक्का खाली फरशीवर मांडी घालून बसलेली. पिशवी उघडलेली, बत्ताशा तिच्या मांडीवर, आणि ती दातांनी गोधडीची शिवण उसवत होती. स्वतःच्या हातानं घातलेले टाके कटाकट तोडत होती.

"काय करतीस, आक्का?"

"माझी लुगडी कशाला पायजेत त्याला? त्याला ह्यांचा वास पायजे." तिनं एक टोक माझ्या हातात दिलं. "वढ."

मी ओढलं. ती काउंटरवरची मुलगी उठून बाहेर आली आणि तिनं दुसरं टोक धरलं. ज्या बाई मला सामानातून पाठवत होत्या, त्यांनी तिसरं. पुण्याच्या विमानतळावर आम्ही चौघं गोधडी उसवत होतो. लुगड्यांचे थर एकामागून एक निघाले. निळं, जांभळं, एक हिरवं. ते हिरवं मी ओळखलं. आक्काच्या लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबिजेला आमच्या वडिलांनी माझ्या हातून तिला दिलं होतं. शेवटी हातात राहिला दाजींच्या धोतराचा पातळ पदर. आक्कानं तो पिशवीत अंथरला. बत्ताशा आत शिरला, गोल फिरला, बसला.

पिशवी काट्यावर. सातच्या आत. बोटभरच, पण या वेळी खरोखरच आत.

मुलगी हसली. साहेबांनी सही केली. मी लुगड्यांचा गठ्ठा काखेत मारून माफी मागितली. अट माझीच होती. आकडा काही का येईना, माफी मागायची वेळ माझ्यावरच येणार, हे माझ्याशिवाय सगळ्यांना कळलं होतं.

विमान उडालं. बत्ताशा आक्काच्या पायाशी, पुढच्या सीटखाली, गाढ झोपलेला. मोपेडच्या फळीवर इतकी वर्षं काढलेल्या कुत्र्याला विमानाची काय नवलाई? आक्का खिडकीला कपाळ लावून बसली होती. खाली उसाचे हिरवे चौकोन आणि मधून कालव्याची वाकडी रेघ. तिनं विचारलं, "आपलं कुठलं रं?" मला काय माहीत! मी एका चौकोनाकडं बोट दाखवलं. ती त्याच्याकडं डोळे भरून बघत राहिली. तो दिसेनासा झाला तेव्हा खिडकीला टेकलेलं कपाळ तिनं मागं घेतलं.

मी घसा खाकरला. म्हटलं, "आक्का, तो सोपानशेठचा काटा..."

"ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"कमी भरतोय ते. तू म्हनालास तसा तुझ्या दाजींनी नवा तराजू आनला. त्येच्यावर बी जुन्याएवढंच भरलं. मग त्यांच्या ध्यानात आलं."

 एवढं कळूनही दाजी माल तिथंच घालत होते? मग मला का नाही सांगितलं? दुसरा व्यापारी का नाही धरला? बातमीदार माणूस, प्रश्न सुरूच.

आक्का म्हणाली, "मी बी तेच म्हनले त्यांना. तर म्हनायचं, चार डाळिंबं कमी भरली तर भरू दे. पर बाळूचं कात्रन भितीवर हाय. ते खाली यायला नगं."

नंतर चेन्नईपर्यंत मी एक अक्षर बोललो नाही. हवाई सुंदरीनं पाणी विचारलं, तर नुसती मान हलवली. आयुष्यात इतका वेळ मी गप्प बसल्याचं हे एकच उदाहरण. आक्कानं विशालला पहिली बातमी दिली ती हीच.

परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी वैधमापन खात्यात तक्रार दिली. निरीक्षक आले. मीही सोबत गेलो. सोपानशेठ कावरेबावरे झाले, मग एकदम माझ्या कात्रणाकडं बोट दाखवून निरीक्षकांना म्हणाले, "साहेब, काटा प्रामाणिक हाय. पेपरात आलंय. लिवनारा ह्यो काय, समोर हुबा हाय." माझंच वाक्य माझ्या तोंडावर! उदबत्तीच्या धुरानं चौकटीची काच काळी झाली होती, पण मथळा अजून ठळक दिसत होता. मी स्टुलावर चढलो आणि ते कात्रण स्वतःच्या हातानं खाली उतरवलं. दाजी, माफ करा. शेवटी ते खाली आलंच.

निरीक्षकांनी प्रमाणित वजनं ठेवली, काटा कमी भरतो अशी नोंद केली, आणि तो जप्त करून मोहोर करायला लाखेची कांडी पेटवली. मी म्हटलं, "साहेब, एक मिनिट."

बूट काढले आणि काट्यावर चढलो.

ऐंशी.

काय सुंदर आकडा हो! ताठ उभा राहिलो, पोट जरासुद्धा आत न ओढता. निरीक्षकांची लाख ठिबकत होती. त्यांनी विचारलं, "तात्या, आता काय चाललंय?"

म्हटलं, "निरोप घेतोय."